दशरथच्या नावावरची फुंक

॥ श्री ॥

नाहूर,
१४ नोव्हेंबर १९७२

धाकूभावजी यांस विमलावहिनीचा आशीर्वाद.

दिवाळीला तुमचं पत्र आलं नाही, मीही धाडलं नाही, त्यामुळे फिटंफाट. हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहितेय. मुलुंडच्या आमच्या औषधाच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झालीय आणि गोळ्यांच्या खोक्यावर कागद ठेवून बसलेय. अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घ्या.

दादांची छाती पार गेली आहे. नळावरून अर्धी बादली आणली तर दारात बसतात. पूर्वी फक्त सोमवारी छाती आवळायची, ते तुम्हाला ठाऊकच आहे. रविवारच्या सुट्टीनंतर रुई पिंजायच्या कार्डिंग खात्यात पाय ठेवला, रुईची धूळ नाकात गेली, की संध्याकाळपर्यंत कोंडायची आणि मंगळवारी सुटायची. आता सोमवार-मंगळवार काही उरलं नाही, सगळे वार सारखे. छातीचा फोटो काढला तर तो स्वच्छ. टीबी नाही म्हणाले. मग काय आहे, ते कुणी बोलेना.

गेल्या महिन्यात त्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई, रत्नप्रभाबाई, पुन्हा गिरणीत आल्या. नऊ वर्षांपूर्वी, त्रेसष्ट साली, ज्या लोकांना त्यांनी यंत्रात फुंकायला लावलं होतं त्यांनाच पुन्हा फुंकायला लावतायत. धुळीनं माणसाचा दम वर्षाला किती कमी होतो, ते मोजायचंय म्हणे. रुईच्या धुळीनं होतो तो वेगळाच आजार आहे, त्याला बिसिनोसिस म्हणतात, फोटोत तो दिसत नाही, फुंकेतच दिसतो, असं त्यांनी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. दादा फुंकले. काटा सव्वा लिटरवर थांबला. बाईंनी जुना कागद काढला, त्यावर दादांच्या, दशरथच्या, नावापुढे साडेतीन. अख्ख्या खात्यात सगळ्यांत जास्त.

बाई म्हणाल्या, इतका दम कुणाचाच उतरलेला नाही, दोन्हींतला एक आकडा खोटा आहे. गिरणीचे डॉक्टर शेजारी उभे होते. ते म्हणाले, खोटा आजचाच, हा जोर लावत नाही, ह्याला बसून खायचंय. तेव्हापासून खात्याचा मुकादम, जॉबर धोंडिराम येता-जाता "काय नाटकवाले" म्हणून हाक मारतो.

घरी आल्यावर मी विचारलं तेव्हा दादांनी सांगितलं. त्रेसष्ट साली गिरणीत आवई उठली होती की ज्याची फुंक कमी भरेल त्याला गेट दाखवणार. म्हणून दादांच्या जागी तुम्ही उभे राहिलात. तुम्ही बदली कामगार, रोज कुणाच्या ना कुणाच्या जागी उभे राहायचातच, आणि हुतूतूत तुमच्याएवढा दम सगळ्या भांडुपात कुणाचा नव्हता. नऊ वर्षं ही गोष्ट दोघांनी पोटात ठेवलीत. मला सांगितलं असतंत तर मी तेव्हाच दोघांच्या कानाखाली आवाज काढला असता.

गेट कुणालाच दाखवलं नाही, भावजी. ज्यांची फुंक कमी भरली त्या अकरा जणांना कापड खात्यात हलवलं. तिथे धूळ नाही. त्यांतले नऊ आजही कामावर येतात. दादा साडेतीनवाले, म्हणून कार्डिंगमध्येच राहिले.

आता तुम्ही यायचं. तुम्ही गिरणी सोडलीत, तुमचं कुणी काही वाकडं करू शकत नाही. बाईंना सांगायचं की मी परस्पर उभा राहिलो, दशरथला पत्ता नव्हता. दादांनी स्वतः सांगितलं तर फसवणूक म्हणून काढून टाकतील. तुम्ही सांगितलंत तर दादा वाचतात. एवढंच काम आहे. एस.टी.चं भाडं मी देते.

विमला

॥ श्री ॥

देवगड,
२८ नोव्हेंबर १९७२

ती. विमलावहिनीस धाकूचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं. दादाला जप.

येण्याचं म्हणशील तर यंदा भात उशिरा कापलं, झोडणी राहिली आहे. कुंपणाचा दगडी गडगा पडलाय तो घालायचा आहे. सुगंधा एकटी काय काय करणार. शिवाय मी येऊन सांगितलं तरी माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? बदलीवाल्याचं नाव कुठल्या कागदावर असतं? मी त्या गिरणीत अकरा वर्षं काढली, पण माझा ना नंबर ना पास. तिथला कुत्रासुद्धा मला ओळखणार नाही.

दादाला म्हणावं, थोडे दिवस रजा टाक. गूळ खा, गुळानं धूळ पोटात जाते. आम्ही खायचो.

सोलं आणि थोडे कुळीथ गावच्या माणसाबरोबर धाडले आहेत. बाकी गजाली मागाहून.

धाकू

॥ श्री ॥

नाहूर,
११ डिसेंबर १९७२

धाकूभावजी यांस,

सोलं मिळाली. कुळीथही मिळाले. ह्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी खाऊन जीव आंबला होता, त्यामुळे बरं झालं. तरी कुळथानं छाती सुटत नाही, आणि गुळानं तर मुळीच नाही. मी बाईंना विचारलं. गूळ गोड असतो, एवढंच त्याचं काम, असं त्या म्हणाल्या.

होय, मी बाईंना गाठलं. अर्धा दिवस बुडवून इस्पितळात गेले. नाव सांगितलं नाही. म्हटलं, समजा, एका माणसाच्या जागी दुसरा फुंकला असेल तर? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, असं झालं असेल तर तो दुसरा माणूस आणा. मी त्याला फुंकायला लावीन. त्याचं वय, उंची बघून आणि आजची फुंक बघून, तो साडेतीन त्याचा होता की नाही हे मला कळेल. झालं, एवढं सोपं आहे.

आणि तुम्ही गडग्याचं लिहिता.

दादांनी रजा टाकली होती. आठ दिवसांनी पुन्हा गेले, कारण धोंडिरामने निरोप धाडला की नाटक पुरे झालं असेल तर या. ते कार्डिंगच्या दारात उभे राहतात, आत शिरायच्या आधी एक मोठा श्वास घेऊन ठेवतात. काल मला म्हणाले, पाण्यात बुडी मारण्याआधी घेतात तसा घेतो.  हल्ली मला रडू येत नाही, राग येतो तोही लांबून येतो. कारखान्यात दिवसभर मी शंभर-शंभर गोळ्या बाटल्यांत भरते. त्यांतल्या काही दम्याच्याच असतात. हात चालत राहतात.

खरं सांगू का, भावजी? तुम्ही घाबरलात. त्या वेळी दादांसाठी फुंकलात तेव्हा हुतूतूतली ऐट होती, चार लोकांत टाळी मिळाली असेल. आता कबूल करायची वेळ आली तर भात झोडायचंय. ज्या माणसानं चुलत न म्हणता तुम्हाला गावाहून आणलं, खोलीत घेतलं, गिरणीत चिकटवलं, त्याच्यासाठी चार दिवस निघत नाहीत. मला तुमची लाज वाटते. हे दादांनी कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाहीत, म्हणून मी म्हणते.

ते अजून चाळीत सांगत असतात, आमच्या धाकूचा दम म्हणजे बैलाचा दम.

विमला

॥ श्री ॥

देवगड,
३ जानेवारी १९७३

ती. विमलावहिनीस धाकूचा नमस्कार.

अक्षर सुगंधाचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. मला वाकून बसवत नाही.

ह्या पाकिटात दोन कागद आहेत. एक बाईंना दाखव. त्यावर मी लिहून दिलंय की त्रेसष्ट साली दशरथच्या जागी मी परस्पर फुंकलो, त्याला माहीत नव्हतं, आणि खाली माझी सही आहे. सही माझ्याच हातची आहे. दुसरा हा कागद, तो तू वाच आणि चुलीत घाल.

वहिनी, मी आलो असतो. भात कधीच झोडून झालं, सुगंधाने आणि शेजाऱ्यांनी झोडलं. मी पडवीत बसून होतो. माझ्यात आता फुंक नाही.

सत्तर साली मी गिरणी सोडली ती गावची ओढ लागली म्हणून नाही. बदलीवाल्याला जे काम कुणी करत नाही ते मिळतं. कार्डाच्या यंत्राखाली शिरून साचलेली रुई उपसायची, दाते साफ करायचे. कायमवाला तोंडाला फडकं बांधून लांब उभा राहायचा, मी आत. सहासष्टपासून माझा सोमवार सुरू झाला. मग मंगळवार. मी दादाला कळू दिलं नाही. छाती कोंडली की संडासात जाऊन बसायचो आणि बाहेर येऊन शीळ घालायचो. डॉक्टरीणबाईंच्या यादीत आम्ही बदलीवाले नव्हतोच. आम्हाला कुणी फुंकायला सांगितलं नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी हिशेब केला. मी येऊन सांगणार की साडेतीन माझा होता. बाई म्हणणार, फुंक. मी फुंकणार आणि काटा जागचा हलणार नाही. मग दोघेही खोटे. दादाचं काम होण्याऐवजी पुरतीच वाट लागणार. म्हणून गडग्याचं लिहिलं. तुला माझी लाज वाटली ते बरोबर आहे. मला राग नाही.

एकच मागणं आहे. दादाला सांगू नको. त्यानं मला गिरणीत आणलं. मी नको म्हणत होतो, मला बोटीवर जायचं होतं, त्यानं जॉबरच्या हातापाया पडून मला बदलीत घातलं. त्याला कळलं तर तो हेच धरून बसेल. त्याला माझा दम शाबूत आहे असं वाटू दे.

धाकू

(वयनी, मी सुगंधा. ह्यांका रात्री उशाक टेकून बसवंचा लागता. जेवण नाय जाणा. काय करू, ता कळवा.)

॥ श्री ॥

नाहूर,
२५ जानेवारी १९७३

धाकूभावजी यांस विमलावहिनीचा नमस्कार. आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही.

तुमचा दुसरा कागद वाचला आणि जाळला. त्या दिवशी कारखान्यात गेले, बाटल्या भरल्या, आले, भाकरी थापली. मधलं काही आठवत नाही. मी तुम्हाला काय काय लिहिलं ते मात्र शब्द न् शब्द आठवतं.

पहिला कागद बाईंना दिला. दुसऱ्यातलं, तुमच्या छातीचं, तोंडी सांगितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील, नऊ वर्षांचं काम आपण बिघडवलं म्हणून. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग विचारलं, असे बदलीवाले किती होते? मी म्हटलं, मला काय ठाऊक, खात्यात तिसरा माणूस बदलीचा असायचा. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दादांना त्यांनी गेल्या सोमवारी फुंकायला लावलं. शनिवारी रजा टाकून दोन दिवस घरी होते, त्यामुळे छाती त्यातल्या त्यात मोकळी. सकाळी पाळीच्या आधी गेटवर तीन फुंका. पाळी सुटल्यावर पुन्हा तीन. सकाळच्या तिन्ही सव्वाच्या आसपास, संध्याकाळच्या तिन्ही नऊ दशांशवर. बाईंनी तो कागद गिरणीच्या डॉक्टरांपुढे धरला आणि म्हणाल्या, नाटक करणाऱ्याच्या तीन फुंका तीन तऱ्हेच्या येतात. ह्यांच्या तिन्ही एका रेषेत आहेत, आणि आठ तासांत एवढा दम धुळीशिवाय कशानंही उतरत नाही. ते डॉक्टर कागद उलटसुलट करत राहिले. मग बाईंनी दादांच्या तोंडात एका नव्या औषधाचा फवारा मारून पुन्हा फुंकायला लावलं, तेव्हा काटा थोडा चढला. फार नाही. गेलं ते परत यायचं नाही, पण राहिलंय ते राखता येईल, असं बाई म्हणाल्या.

त्रेसष्टचा साडेतीन त्यांनी चुकीचा म्हणून यादीतून काढला. दादांना कुणी काही विचारलं नाही. परवापासून ते कापड खात्यात आहेत. स्टुलावर बसून ताग्यांना शिक्के मारतात. जे त्रेसष्टला व्हायला हवं होतं ते झालं. मला आनंद झाला का, हे मी स्वतःला विचारून बघितलं. मग हे पत्र लिहायला घेतलं.

आता तुमचं. बाई म्हणाल्या, त्यांना आणा, काटा हलो न हलो. इस्पितळात खाट देते, तो फवारा देते. बदलीवाल्यांची वेगळी यादी करणार आहेत, तिच्यात पहिलं नाव तुमचं घातलंय. सुगंधाने तुम्हाला एस.टी.त बसवून आणावं, परळला मी उभी राहीन. दादांना आपण सांगू की डोळे दाखवायला आलात. मी चुकले, भावजी. या.

विमला

देवगड,
५ फेब्रुवारी १९७३

विमलावयनीस,

कार्डाचा कोपरा फाडलाय, त्यावरून समजला असतला.

हे शुक्रवारी पहाटे गेले. आठ दिवस ताप होता, कफ सुटत नव्हता. देवगडचो डॉक्टर येऊन सुई देऊन गेलो.

तुमचा पत्र आदल्या मंगळवारी इला. मी वाचून दाखवलंय. दादा कापड खात्यात गेले ता दोनदा वाचूक लावल्यानी. यादीत नाव घातलंय ता ऐकून हसले, म्हणाले, मेल्यांनी शेवटाक कायम केल्यानी. मग निजले.

दादांका सांगायचा की नाय ता तुम्ही ठरवा.

सुगंधा

॥ श्री ॥

नाहूर,
१६ फेब्रुवारी १९७३

सुगंधा, बाय,

वर श्री लिहिलं आहे, कारण हे पत्र लिहिताना तुझे दादा समोर बसलेत. मी माहेरी लिहितेय असं त्यांना सांगितलंय.

तुझं कार्ड पोस्टमनने माझ्या हातात दिलं. वर श्री नव्हतं, कोपरा फाटलेला. वाचायच्या आधीच कळलं. वाचून, फाडून, मोरीत टाकलं, डोक्यावरून पाणी घेतलं. दादांनी विचारलं, अवेळी आंघोळ कसली? म्हटलं, कारखान्यात अंगावर भुकटी सांडली. सुतकाचे उरलेले दिवस देवापुढे दिवा लावला नाही. म्हटलं, तेल संपलंय. चुलतभावाचं सुतक त्यांनी पाळायचं, आणि ते मला म्हणतात, अगं, तेल आण की, देव अंधारात आहे.

मी सांगायला दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा ते जिना चढून आले होते आणि धापा टाकत होते, म्हणून थांबले. दुसऱ्यांदा ते आपणहून बोलायला लागले. म्हणाले, माझा गेला तो गेला, पण धाकूनं वेळेवर गिरणी सोडली. मी त्याला त्या धुळीत घातला ह्याची मला रात्रंदिवस टोचणी असायची. तो सुटला, आता मला काही वाटत नाही. एवढं बोलायला त्यांना चार वेळा थांबावं लागलं. मी भाजी चिरत राहिले.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे डॉक्टरचं काम नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण एवढं सांगते, त्यांना जोराचा हुंदकासुद्धा आता झेपायचा नाही.

रोज विचारतात, धाकूचं पत्र? मागचं जानेवारीतलं, ते तुझ्याच अक्षरात होतं. पहिला कागद त्यांनी पाहिला होता, तुझं अक्षर ते ओळखतात, त्यामुळे त्यांना खटकणार नाही.

सुगंधा, मी जे मागतेय ते मागू नये. कुंकू पुसून तुला पंधरा दिवस झाले नाहीत. तू मला शिव्या दे, त्या वेगळ्या कागदावर लिही, मी वाचीन. पण एक पत्र त्यांच्या नावानं दादांना धाड. चार ओळी पुरेत. नंतर कधीतरी, उन्हाळा गेल्यावर, मी सांगीन. मीच सांगीन.

विमला

॥ श्री ॥

देवगड,
२७ फेब्रुवारी १९७३

ती. दशरथदादास धाकूचा शिरसाष्टांग नमस्कार.

अक्षर सुगंधाचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. हाताला काजूचा चीक लागलाय, पेन धरवत नाही.

तू कापड खात्यात गेलास हे वहिनीच्या पत्रातून कळलं. बरं झालं. आता तिथून हलू नको, कुणी काही म्हटलं तरी. डॉक्टरीणबाईंचं औषध वेळेवर घे. जिना चढताना मध्ये बस, कुणी हसलं तर हसू दे.

इकडे सगळं ठीक. भात झोडून झालं. गडगा पडला होता तो घातला. कलमांना मोहोर बरा आहे. घरात आता माणसं कमी, त्यामुळे जेवण उरतं. संध्याकाळी मी आणि सुगंधा पडवीत बसतो. ती काही बोलत नाही, मीही बोलत नाही. तिची काळजी करू नको.

तू मला मुंबईला आणलंस, खोलीत घेतलंस, पोटाला लावलंस. मी तुझ्यावर कधी रागावलो नाही. हे लिहायचं राहून गेलं होतं.

इतक्यात मला यायला जमायचं नाही. तूही येऊ नको, आपल्या घराचा चढ तुला ठाऊक आहे. पत्र मात्र धाड. पत्त्यावर नाव माझंच घाल, पोस्टमन घरी आणून देतो.

तुझा,
धाकू